चोवीस गिअर आणि नऊ किलोमीटर

गंगाखेड, ११ नोव्हेंबर

ती. मामा,

शरणार्थ. परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "फोनवर तू नुसतं 'हो मामा, हो मामा' करतेस आणि ठेवून देतेस. सल्ला पाहिजे तर कागदावर माग, कागदावरच मिळेल." बत्तीस वर्षं आवक-जावकच्या टेबलावर काढलेल्या माणसाशी कोण वाद घालणार? म्हणून आज डिंकाची बाटली शोधून पाकीट चिकटवायलेय.

मुद्दा छोटा आहे. हिवरटाकळीची शाळा आमच्या घरापासून नऊ किलोमीटर. खोल्या चार आणि पाचवी ते दहावी मिळून वर्ग आठ, म्हणून शाळा दोन पाळ्यांत भरते. माझी पाळी सकाळी सव्वासातची. दिवाळीपर्यंत मी बबिता मॅडमच्या गाडीवर मागं बसून जायचे. त्यांची बदली सेलूला झाली. पहिली एसटी साडेसातला निघते, म्हणजे मी पोचेपर्यंत पोरं पाढे म्हणून मोकळी. एकट्या बाईला घेऊन सहा वाजता निघायला कोणी ऑटोवाला तयार नाही. शिक्षण सेवक म्हणून माझी तीन वर्षं पुरी व्हायला अजून दहा महिने आहेत. तोवर रोज उशिरा गेले तर कायम होणं विसरायचं.

म्हणून सायकल घ्यायची ठरवलीय. मला एवढंच सांगा, माझ्या उंचीला बावीस इंची बरी की चोवीस? नवी घ्यावी की जुनी? एका ओळीत लिहिलं तरी चालेल.

सुमनमामींना नमस्कार.

तुमची
वैजू


जा.क्र. १
परभणी, १५ नोव्हेंबर

विषय : सायकल खरेदीबाबत मार्गदर्शन
संदर्भ : तुझे दि. ११ चे पत्र

चि. वैजयंतीस भीमाशंकरमामाचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून ऊर भरून आला. आपल्या घराण्यात व्यायामाची आवड असलेला मी एकटाच, अशी माझी आजवर समजूत होती. तुला कळवण्यास आनंद होतो की गेल्या महिन्यापासून मी येथील 'पहाट सायकल परिवार' या मंडळाचा सभासद आहे. अध्यक्ष डॉ. दत्तराव. बाकी सभासदांत दोन वकील, एक बांधकाम कंत्राटदार आणि निवृत्तांमधून मी. दर रविवारी आम्ही सूर्योदयापूर्वी निघतो, फोटो काढतो आणि आरोग्याचा संदेश देतो.

एका ओळीत उत्तर देण्याइतका हा विषय हलका नाही. खालील बाबी विचारात घ्याव्यात.

सायकल चोवीस गिअरची असावी. फ्रेम अ‍ॅल्युमिनियमची. ब्रेक डिस्कचे. मागे कॅरिअर लावू नये, वजन वाढते. मडगार्ड लावू नये, शोभा जाते. स्टँड तर मुळीच नको. आमच्या मंडळात स्टँडची सायकल घेऊन आलेल्या एका गृहस्थांना लोक दूधवाला समजले. शिवाय हेल्मेट, काळा चष्मा आणि हृदयाचे ठोके मोजणारे घड्याळ आवश्यक आहे. घड्याळाशिवाय आपण किती दमलो हे कळत नाही.

मी स्वतः अशीच सायकल घेतली आहे. तिच्यावर बसले की माणूस आपोआप दहा वर्षांनी तरुण होतो.

तुझा
मामा


गंगाखेड, २२ नोव्हेंबर

ती. मामा,

तुमचं जावक क्रमांक एक मिळालं. कॅरिअर नाही, मडगार्ड नाही, स्टँड नाही. मग सेहेचाळीस पोरांच्या वह्या मी डोक्यावर घेऊन जाऊ का? आणि शाळेच्या भिंतीला सायकल टेकवली की मधल्या सुट्टीत पोरं ती पाडणार. किती दमले हे कळायला मला घड्याळ लागत नाही मामा. घरी येऊन ज्वारीचं पीठ मळायला घेतलं की कळतं.

तरी तुमचा मान राखायचा म्हणून बसस्टँडमागच्या आश्रुबा मिस्त्रीच्या दुकानात जाऊन गिअरची सायकल विचारली. त्यानं एक दाखवलीसुद्धा. पिवळीधमक, तुमच्यासारखीच असणार. वर म्हणाला, "मॅडम, घ्यायची तर घ्या, पण ही बिघडली तर मला बी दुरुस्त व्हत न्हाई. परभणीला न्यावी लागती."

मग त्यानं मलाच प्रश्न विचारले. कुठवर जायचं? चढ कुठं हाय? मागं काय ठेवणार? साडी का ड्रेस? जाताना वारं तोंडावर येतंय का पाठीवर? अंधारात निघणार का उजाडल्यावर? तुमच्या यादीत यातला एकही प्रश्न नव्हता. ऐकून घेऊन त्यानं कोपऱ्यातली एक जुनी बावीस इंची लेडीज सायकल ओढून काढली. हिरवा रंग, चेनला पत्र्याचं पूर्ण झाकण, मागं भक्कम कॅरिअर. टायर बदलले, ब्रेकचे रबर नवे घातले, चाकात ग्रीस भरलं. म्हणाला, "थंडीत ग्रीस आळतं. पयलं अर्धं किलोमीटर जड जाईल. घाबरू नका, सायकल न्हाई, तुमीच आखडलेल्या असता."

तर आता सायकल झाली.

पण मामा, एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत. लग्नाच्या यादीत तुमच्याच वळणदार अक्षरात लिहिलेलं आहे, 'स्कूटी, एक, मुलीच्या वापरासाठी.' बैठक तुम्ही जमवली, यादी तुम्ही लिहिली. ती स्कूटी अंगणातच आहे. माझा दीर मन्मथ ती वापरतो. सकाळी सहाला तो तिच्यावर बसून व्यायामशाळेत जातो. व्यायामशाळा घरापासून सहाशे पावलांवर आहे, मी मोजलीत. तिथं जाऊन तो जागच्या जागी उभी केलेली सायकल चालवतो. त्याच वेळेला मी रस्त्यावरची चालवत हिवरटाकळीला निघते. सासूबाई म्हणतात, गाडी गड्याला लागती. तुमचे जावई पुण्याहून म्हणतात, अ‍ॅडजस्ट कर.

तुमचं काय म्हणणं आहे?

वैजू


जा.क्र. २
परभणी, २९ नोव्हेंबर

चि. वैजयंतीस आशीर्वाद.

जुनी सायकल घेतलीस हे कळले. वाईट वाटले, पण असो. तुझ्या पत्रातील इतर कौटुंबिक बाबींची नोंद घेतली आहे.

आता थंडीबाबत. यंदा परभणीचा पारा सर्वांत खाली जाणार अशी चिन्हे आहेत. छातीवर वर्तमानपत्राचा एक ताव ठेवून त्यावर स्वेटर घालावा. नाकाने श्वास घ्यावा. हातमोजे लोकरीचे नकोत, त्यातून वारे शिरते. धुके असल्यास सायकल चालवू नये, सूर्य वर येईपर्यंत थांबावे व गरम पेय घ्यावे. आम्ही असेच करतो.

मंडळात एक थरारक घटना घडली. गेल्या रविवारी आमचे अध्यक्ष डॉ. दत्तराव वळणावर घसरले आणि त्यांच्या खांद्याचे हाड मोडले. परंतु काय ती जिद्द! झोळीत हात घालून ते सत्काराला आले. शाल, श्रीफळ, हार. पेपरात सायकलीसह फोटो आला, 'हाड मोडले, जिद्द नाही' असा मथळा. प्रास्ताविक मी केले. टाळ्या थांबेनात. कात्रण सोबत जोडले आहे, शाळेच्या फलकावर लावावे.

तुझा
मामा

(याच पाकिटात वहीचा एक फाटका कागद, वेगळ्या अक्षरात.)

वैजू, पाकीट चिकटवायला माझ्याकडं दिलंय, म्हणून घाईत लिहितेय. यांच्या सायकलीचं ऐकून मनाला लावून घेऊ नकोस. पहिल्याच दिवशी चौकात पडले. तेव्हापासून रविवारी डॉक्टरांच्या गाडीत पोह्याचा डबा मांडीवर घेऊन जातेत आणि फोटोपुरतं सायकलीवर बसतेत. बाकी आठवडा सायकल गॅलरीत असती, तिच्या हँडलवर मी टॉवेल वाळत घालते. खरंच हलकी आहे, एका हातानं सरकती.

पण स्कूटीचं वाचल्यापासून हे गप्प आहेत. हे उत्तर तीनदा लिहून तीनदा फाडलं. काहीतरी आहे, मला सांगत नाहीत. तू जप. — सुमनमामी


गंगाखेड, २१ डिसेंबर

ती. मामा,

कात्रण मिळालं. फलकावर लावलं नाही. पोरांनी विचारलं असतं की काकांच्या सायकलीला घंटी का नाही, आणि मला उत्तर आलं नसतं.

थंडीचं म्हणाल तर तुमचा वर्तमानपत्राचा ताव कामाला आला. एवढी एक गोष्ट तुमची मानली. बाकी मन्मथची जुनी माकडटोपी, त्यावर ओढणी, हातात आश्रुबानं दिलेले मोटारसायकलवाल्यांचे हातमोजे. असा वेष करून निघते तेव्हा गल्लीतली कुत्रीही ओळख दाखवत नाहीत. पहिला एक किलोमीटर बोटं आपली नाहीतच असं वाटतं. गाव सुटलं की धुई लागते. कारखाना सुरू झालाय, त्यामुळं उसाच्या डबल ट्रॉल्या रात्रंदिवस चालू. पुढच्याला मागं दिवा नाही, मागच्याला पुढं दिसत नाही, आणि दोघांच्याही टेपवर गाणं मोठ्यानं. ट्रॉली दिसायच्या आधी गाणं ऐकू येतं, म्हणून मी अजून आहे.

थांबून गरम पेय घ्यायचं म्हणता, तर रस्त्यात एकच हॉटेल आहे आणि ते उघडायला मालक माझ्यानंतर अर्ध्या तासानं येतो.

आता एक चांगली गोष्ट. चार किलोमीटरवर कॅनॉलजवळ वस्ती आहे. तिथल्या पाच पोरी माझ्या शाळेत आहेत. नववीतली निकिता रोज पायी येताना दिसायची, पाच किलोमीटर. मी विचारलं, "तुला शाळेतून सायकल मिळालीय ना?" म्हणाली, "मिळालीय की. दादा डेरीला दूध घालायला नेतेत." पाचींची तीच गत. एकीची सायकल भाऊ नेतो, एकीची चुलता, एकीचीला कडब्याच्या पेंढ्या बांधून ठेवल्यात.

गेल्या शनिवारी शाळा सुटल्यावर मी निकिताच्या घरी गेले. तिचा बाप म्हणाला, "मॅडम, पोरीचं काय, ती चालती की. दुधाला उशीर झाला तर फाटतंय." मी विचारलं, डेरी किती लांब? तो काही बोलायच्या आत त्याची बायको कडूबाई चुलीपासून म्हणाली, "हे काय, दोन शेतं पल्याड. हितून खाकरलं तरी ऐकू जातंय." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "किटली मी नेत जाईन डोक्यावर. न्या मॅडम ती सायकल, पोराला सांगायचं मी बघते."

एक सायकल निघाली म्हणून बाकीच्या निघाल्या. आता कॅनॉलपासून शाळेपर्यंत आम्ही सहा जणी असतो. आश्रुबानं प्रत्येकीच्या मडगार्डला लाल चकाकती पट्टी लावून दिली. होय मामा, मडगार्डला. ते शोभेसाठी नसतं तर कशासाठी असतं, ते आम्हाला कळलंय.

सगळ्यात पुढं निकिता, सगळ्यात मागं मी.

तुम्ही 'इतर कौटुंबिक बाबींची' नोंद घेतलीत, त्याबद्दल आभारी आहे. नोंदवहीच्या कुठल्या पानावर ते कळवा.

वैजू


जा.क्र. ३ (स्मरणपत्र)
परभणी, १० जानेवारी

चि. वैजयंतीस आशीर्वाद.

तुझ्या २१ डिसेंबरच्या पत्रानंतर मी नववर्षाचे कार्ड पाठवले. पोचल्याचे कळले नाही. फोन लावला तर 'बंद आहे' असे उत्तर येते. सासरी फोन केला. मन्मथराव म्हणाले, "ठीक आहे सगळं," आणि ठेवला. रागावली असशील तर तसे लेखी कळवावे.

मामी रोज विचारते.

मामा


जा.क्र. ४
परभणी, १७ जानेवारी

चि. वैजयंतीस आशीर्वाद.

काल विहीणबाईंचा फोन आला आणि सर्व समजले. तीन तारखेला तू खड्ड्यात पडलीस, डाव्या मनगटाला प्लास्टर आहे, हे मला पंधरा दिवसांनी परक्या तोंडून कळावे? मामीने कालपासून अन्नाला हात लावलेला नाही.

असो. शांत डोक्याने सांगतो. विहीणबाई म्हणाल्या, "तुमीच सांगा, ती तुमचंच ऐकती. झाली तेवढी हौस बास झाली." पुण्याहून जावई राजशेखररावांचाही तोच निरोप आहे. मी विचार केला. त्यांचे म्हणणे चूक नाही. नोकरी माणसासाठी असते. लग्नाला दोन वर्षे होत आली. आता घर बघावे, पुण्याला जावे.

तुला लिहिण्याचा त्रास नको म्हणून राजीनाम्याचा मसुदा सोबत जोडला आहे. फक्त दिनांक घालून सही करावी.

तुझा हितचिंतक
मामा


गंगाखेड, २० जानेवारी

मामा,

मसुदा मिळाला. 'वैयक्तिक'मधली 'क्ति' तुम्ही दीर्घ काढलीय. लाल शाईनं गोल करून परत पाठवलाय. सही केलेली नाही.

काय झालं ते माझ्याकडून ऐका. त्या दिवशी धुई एवढी होती की स्वतःचं हँडल दिसत होतं, पुढचं चाक नाही. समोरून एक ट्रॉली येत होती आणि दुसरी तिला ओलांडून पुढं काढत होती. मी ओरडले, "खाली उतरा!" पाचही पोरी सायकलीसकट कडेच्या हरभऱ्यात उतरल्या. मी मागं होते. ट्रॉलीतून बाहेर आलेला ऊस माझ्या हँडलला लागला आणि मी कडेच्या चारीच्या खड्ड्यात गेले. फोन दगडावर पडला, मनगटावर मी पडले. ट्रॅक्टरवाला थांबलासुद्धा नाही. निकितानं मला वर ओढलं, राजनंदिनीनं तिच्या ओढणीनं हात गळ्यात बांधला. वस्तीवरच्या एकानं मोटारसायकलवर दवाखान्यात आणलं. कोणत्याही पोरीला साधं खरचटलंही नाही. हे मी कागदावर लिहितेय, म्हणजे तुम्हाला पटेल.

तुम्हाला कळवलं नाही, कारण कळवलं असतं तर काय उत्तर येईल ते मला माहीत होतं. आलंच.

आता एक विचारते. तुमचे डॉक्टर रविवारी, ऊन पडल्यावर, रिकाम्या रस्त्यावर, हौसेखातर पडले. त्यांना शाल, श्रीफळ, फोटो. त्यांना कोणी म्हटलं का, 'झाली तेवढी हौस, आता दवाखाना बंद करा'? मी कामावर जाताना पडले. मला राजीनामा. त्यांचं हाड मोडलं की जिद्द, माझं मोडलं की अक्कल आली पाहिजे. प्रास्ताविक तुम्हीच केलं होतं ना? टाळ्या थांबत नव्हत्या ना?

आणि माझी काळजी असती तर या घरातला एक जण तरी म्हणाला असता, 'उद्यापासून स्कूटी ने.' ते सोडून सगळं सुचलं सगळ्यांना.

मला सायकलीचं वेड नाही मामा. मला शाळेत जायचं असतं, आणि ती नऊ किलोमीटरवर आहे.

खरी गोष्ट वेगळीच आहे. मी पडल्यापासून वस्तीवरच्या चार पोरी शाळेत नाहीत. बाप म्हणतेत, "मॅडमच पडल्या, तुमी कशाला जायलाव?" सायकली पुन्हा कडब्याला, दुधाला लागल्या. एकटी निकिता पायी येते. राजनंदिनी दहावीला आहे. मी सही केली की ती कायमची घरी बसली, असं समजा. तिच्या घरचे त्याचीच वाट बघायलेत.

घरी बसवायचं कारण द्यायला सगळे एका पायावर तयार असतात. तुम्हीपण त्यातच निघालात, याचं मात्र नवल वाटलं.

वैजयंती


परभणी, २५ जानेवारी

वैजू,

तुझे पत्र मामीने वाचले आणि माझ्या हातात देऊन स्वयंपाकघरात गेली.  आज सकाळी चहा ठेवला आणि म्हणाली, "काय लपवलंय ते तिला तरी लिहा. मला नाही सांगितलंत तर चालेल."

बैठकीत विहीणबाईंनी विचारले होते, "पोरगी नोकरी करती म्हणं. कुठवर करणार?" सगळे माझ्याकडे बघत होते. स्थळ चांगले होते, हातचे जाईल असे वाटले. मी म्हणालो, "दोन वर्षं हौस म्हणून करील. मग सोडेल. माझा शब्द." तुला विचारले नाही. तुझ्या आईलाही सांगितले नाही. तू तेव्हा आत चहाचे कप भरत होतीस.

म्हणून स्कूटीबद्दल बोलायला तोंड नव्हते. मी कोणत्या तोंडाने मागणार? ते म्हणाले असते, 'नोकरी सुटणारच आहे, गाडी कशाला?' त्यांच्या बाजूने ते बरोबरच होते. तुझ्यावर जो रोज दाब येतो तो त्यांचा नव्हे, माझ्या शब्दाचा आहे. मी मात्र तुला गिअर किती असावेत ते शिकवत बसलो.

२९ तारखेच्या गाडीने येत आहे. सायकल बरोबर आणतो. मामी म्हणते, टॉवेल वाळवायला दोरी बांधून घेईन.

मामा


गंगाखेड, ८ फेब्रुवारी

ती. मामी,

मामा तिकडं आले की त्यांच्या पद्धतीनं सांगतीलच. त्याआधी इथं काय काय झालं ते तुम्हाला माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. तुम्ही विचारलं नव्हतंत, पण बैठकीतल्या शब्दाचं त्यांनी तुम्हालाही सांगितलंय, असं मामा म्हणाले. म्हणजे बरं झालं.

२९ तारखेला दुपारी मामा आले. डब्याच्या दारात सायकलीला धरून उभ्यानं प्रवास केला, आणि स्टेशनवरून घरापर्यंत तिला हातानं ढकलत आणलं. मी विचारलं, "बसून का नाही आलात?" म्हणाले, "गावात रहदारी लय आहे." डोक्यावर हेल्मेट होतं.

रात्रीपर्यंत थांबले नाहीत. दुपारच्या जेवणालाच विषय काढला. ते आणि मन्मथ पाटावर होते, सासूबाई वाढत होत्या. मामांनी भाकरीचा तुकडा मोडला, हातातच धरला आणि म्हणाले, "विहीणबाई, बैठकीत मी एक खोटं बोललो होतो."

सासूबाई म्हणाल्या, "कोणतं?"

जणू पाचसहा असावीत.

"पोरगी दोन वर्षांनी नोकरी सोडंल म्हणालो होतो. तिला विचारलंच नव्हतं. ती सोडणार नाही. तो शब्द मी परत घ्यायला आलोय."

मामी, एवढं थोडक्यात बोलताना मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. खाली मान घालून बसले होते. कानापर्यंत लाल झाले होते.

मन्मथला चेव आला. "असं कसं मामा? चार माणसांत दिलेला शब्द असा परत घेता येतोय होय?"

सासूबाई डाव हातात धरून त्याच्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "येतोय म्हणं की. मग मीबी माझा एक घेते. गाडी तुझीच समज, असं मी तुला म्हणले होते. चावी ठेव हितं."

त्याला चेष्टा वाटली. हसला. पण त्या भाजी वाढेनात तेव्हा खिशात हात घातला आणि चावी ताटाशेजारी ठेवली. "मग मी सकाळी व्यायामाला कसं जाऊ?"

"पायानं जा. व्यायामालाच जायलास न्हवं?"

संध्याकाळी मी सासूबाईंना विचारलं, असं एकदम कसं काय? त्या ज्वारी निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "तुझा हात बसवायलते तवा मी धरून बसले होते. तू वरडली न्हाईस. पोरी घरी पोचल्या का, एवढंच इचारत व्हतीस. मला वाटलं, हिला हौस म्हणणारी मी येडी." मग थोडं थांबून, "पेट्रोल मात्र तुझं तू घाल." राजशेखरना फोन त्यांनीच केला. तिकडून काय उत्तर आलं ते मला सांगितलं नाही, पण 'अ‍ॅडजस्ट कर' हे शब्द सासूबाईंच्या तोंडून ऐकले.

आता शाळेचं. प्लास्टर निघेपर्यंत मला ना स्कूटी, ना सायकल. मुख्याध्यापकांनी महिनाभर माझे पहिले दोन तास दुसऱ्या सरांना दिलेत, मी साडेसातच्या एसटीनं जाते. प्रश्न पोरींचा होता. मामा म्हणाले, "मी जातो त्यांच्याबरोबर." मला वाटलं, फोटोपुरतं.

पहिल्या दिवशी सहाला निघाले. वस्तीवरून फक्त निकिता आली, तीही पायी, म्हणून दोघं सायकल ढकलतच गेले. दुसऱ्या दिवशी कडूबाईनं किटली पुन्हा डोक्यावर घेतली आणि निकिताची सायकल सुटली. त्या दिवशी मामांची चेन दोनदा उतरली. निकितानं काडीनं बसवून दिली. चढावर चोवीस गिअरपैकी कोणता टाकायचा हे त्यांना आठवेना, म्हणून उतरून चालले. शाळेत पोचले तेव्हा सात वाजून चाळीस. तोंडावर माकडटोपी, त्यामुळं मुख्याध्यापकांना माणूस कळला नाही. त्यांनी निकिताबरोबर मामांनाही उशिरा आलेल्यांच्या रांगेत उभं केलं. मामी, ते उभे राहिले. मी एसटीतून उतरले तेव्हा सातवीच्या दोन पोरांच्या मध्ये, हात मागं बांधून, पाठीवर मानेपर्यंत चिखलाची रेघ. माझ्याकडं बघून म्हणाले, "मडगार्ड बसवून घ्यावं लागेल." त्याच दुपारी आश्रुबाकडं नेऊन बसवलं. कॅरिअर आणि घंटीसुद्धा.

तिसऱ्या दिवशी दोघी आल्या. परवापासून चौघी. म्हातारा माणूस एवढ्या धुईत रोज येऊन कॅनॉलवर उभा राहतो, तर पोरीला घरी कोणत्या कारणानं ठेवायचं, हे बापांना सुचेना. पण राजनंदिनीचा बाप, बन्सीधर, तो काही ऐकत नव्हता. मामा रोज त्याच्या दारासमोर पाच मिनिटं थांबायचे, घंटी वाजवायचे आणि पुढं जायचे.

काल बन्सीधर बाहेर आला. म्हणाला, "रोज काय टणटण लावलीया? तुमी कोण? नवे मास्तर का?"

मामांना धाप लागली होती. आधी श्वास घेतला. मग म्हणाले, "मास्तर न्हाई. मी मॅडमचा मामा. त्या येईपर्यंत त्यांची जागा धरून ठेवलीय."

बन्सीधर त्यांच्याकडं बघत उभा राहिला.  आत गेला. कडब्याच्या पेंढ्या बाजूला सारल्याचा आवाज आला. मग राजनंदिनीची सायकल बाहेर आणली, सीटवरची धूळ खांद्यावरच्या गमच्यानं पुसली आणि दप्तर स्वतः कॅरिअरला बांधलं.

हे मला राजनंदिनीनं सांगितलं. मामांनी नाही.

तुमची
वैजू